फारसी वाक्य : सोडायचे काय, धरायचे काय

(प्रस्तावना)

फारसी शिकायला येणारा मराठी माणूस बहुधा निम्मी भाषा आपल्याला येतेच, अशा समजुतीने येतो. त्यात त्याचा दोष नाही. बाजार, दुकान, कागद, दरवाजा, जमीन, हजार, शहर अशी यादी करायला बसले तर पान पुरत नाही. शिवाय फारसी आणि संस्कृत एकाच कुळातल्या, हे त्याने ऐकलेले असते. ‘मादर’ आणि ‘मातृ’, ‘बरादर’ आणि ‘भ्रातृ’ या जोड्या तोंडपाठ असतात. सुरुवातीला हा आत्मविश्वास उपयोगी पडतो. मग समोर पाचसहा ओळींचा सलग उतारा येतो. शब्द बरेचसे ओळखीचे निघतात आणि तरीही वाक्य काही लागत नाही.

याचे कारण आपल्या इतिहासात आहे. फारसीशी आपला संबंध बहमनी काळापासूनचा, पण तो मुख्यतः शब्दांचा. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. पुढे 1925 मध्ये माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ आला. एका कामाला फारसी शब्द बाजूला सारायचे होते, दुसऱ्याला ते समजावून द्यायचे होते; पण दोन्ही कामे शब्दांचीच. हे शब्द एकमेकांना धरून वाक्यात उभे कसे राहतात, हा प्रश्न कोशाच्या कक्षेत येत नाही. या पुस्तकाचा विषय तो प्रश्न आहे.

त्याचे उत्तर थोडक्यात असे: फारसी वाक्य शिकताना मराठी माणसाला नवे फार थोडे शिकावे लागते आणि सवयीचे पुष्कळ सोडावे लागते. आणि जे थोडे नवे आहे, त्यातले सर्वांत महत्त्वाचे कागदावर उमटतच नाही. या दोन गोष्टी ध्यानात आल्या की उरलेले व्याकरण सरावाचे काम आहे.

आधी कोणती फारसी, ते सांगायला हवे. इराणमध्ये फारसी, अफगाणिस्तानात दरी आणि ताजिकिस्तानात ताजिकी ही एकाच भाषेची तीन रूपे आहेत. पहिल्या दोन अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, ताजिकी रशियन वळणाच्या लिपीत. वाक्याचा सांगाडा तिन्हींचा एकच आहे. इथले उच्चार आजच्या इराणी वळणाचे आहेत, म्हणून आपल्या ‘किताब’ऐवजी ‘केताब’ आणि ‘दोस्त’ऐवजी ‘दूस्त’ दिसेल. ‘ज’ मात्र सगळीकडे ‘जमीन’मधल्यासारखा वाचावा.

आता सोडायच्या गोष्टी. पहिले सोडायचे ते लिंग. ‘पेसर आमद’ म्हणजे मुलगा आला आणि ‘दोख्तर आमद’ म्हणजे मुलगी आली. ‘आमद’ जागचे हलत नाही. सर्वनामातही भेद नाही. ‘ऊ’ म्हणजे तो आणि ती दोन्ही. फारसी गझलेतला प्रिय पुरुष की स्त्री हे मूळ भाषा सांगत नाही. मराठी अनुवादकाला मात्र पहिल्याच क्रियापदाशी निर्णय घ्यावा लागतो, कारण ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याशिवाय मराठी वाक्य पुरे होत नाही.

दुसरे सोडायचे ते सामान्यरूप. मराठीत नामाला प्रत्यय लावण्याआधी त्याचे रूप बदलावे लागते: मुलगा-मुलाला, भाऊ-भावाशी, पाणी-पाण्यात. फारसी नाम जसेच्या तसे राहते आणि संबंध दाखवणारा शब्द त्याच्या आधी येतो. ‘दर खाने’ म्हणजे घरात, ‘अज खाने’ म्हणजे घरातून, ‘बा दूस्त’ म्हणजे मित्राबरोबर. ‘अज तेहरान बे शीराज रफ्तम’ म्हणजे तेहरानहून शिराजला गेलो. मराठी कान प्रत्ययाची वाट शब्दाच्या शेवटी पाहतो, म्हणून ही रचना सुरुवातीला उलटी वाटते. पण तिचे काही तुकडे आपल्याकडे कधीच येऊन बसले आहेत. जुन्या कागदांतले ‘बदस्तूर’ आणि ‘बरहुकूम’ घ्या: त्यांतले ‘ब’ आणि ‘बर’ म्हणजे नामाआधी बसलेली फारसी अव्ययेच.

वचनाचेही ओझे हलके आहे. ‘हा’ जोडला की अनेकवचन होते, केताब-केताबहा. पण आधी संख्या आली की नाम एकवचनीच राहते. ‘दो केताब’ म्हणजे दोन पुस्तके. संख्येने अनेकत्व सांगितले आहे, ते नामाने पुन्हा सांगायची गरज नाही, असा हा हिशेब. अनेकवचनी कर्ता निर्जीव असेल तर क्रियापदही पुष्कळदा एकवचनी ठेवतात. उलट, आदर दाखवायचा असेल तर एका माणसासाठीही क्रियापद अनेकवचनी होते. ‘बाबा आले’ म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

फारसी नेहमीच इतकी मोकळी नव्हती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस दारियस राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्या प्राचीन फारसीत संस्कृतासारखी तीन लिंगे आहेत आणि विभक्तीही आहेत. पहलवीपर्यंत, म्हणजे मधल्या काळातल्या फारसीपर्यंत, येता येता त्यांतले बहुतेक सगळे झडले. सुमारे नवव्या शतकापासून जी नवी फारसी लिहिली जाऊ लागली, तिचा सांगाडा आज हजाराहून अधिक वर्षांनीही पुष्कळसा तसाच आहे. म्हणून आजचे वर्तमानपत्र वाचायला शिकलेला विद्यार्थी थोड्या मेहनतीने सादीच्या 1258 मधल्या ‘गुलिस्तान’पर्यंत पोचू शकतो.

नामाने टाकलेला भार क्रियापदाने उचलला. ते मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते, आणि हा आपला मोठा फायदा आहे. त्याची घडण समजायला दोन धातुरूपे लागतात. ‘रफ्तन’ म्हणजे जाणे. शेवटचा ‘अन’ काढला की भूतकाळाचे अंग मिळते, ‘रफ्त’. त्याला पुरुषवाचक शेपट्या लावल्या की रफ्तम, रफ्ती, रफ्त, रफ्तीम, रफ्तीद, रफ्तंद, म्हणजे गेलो, गेलास, गेला किंवा गेली, गेलो, गेलात, गेले. तृतीयपुरुषी एकवचनाला शेपटी नाही, आणि ती नसणे हीच त्याची खूण. वर्तमानाचे अंग वेगळे, ‘रव’, आणि त्याच्या आधी ‘मी’ लागतो: मीरवम, मीरवी, मीरवद. या ‘मी’चा आपल्या ‘मी’शी काही संबंध नाही, हे एकदाच सांगून ठेवतो. नकार क्रियापदाच्या डोक्यावर बसतो: नरफ्तम, गेलो नाही, नेमीरवम, जात नाही.

वर्तमानाचे अंग पुष्कळदा भूतकाळावरून ओळखता येत नाही. दीदन-बीन, कर्दन-कोन, गोफ्तन-गू, दादन-देह या जोड्या पाठच कराव्या लागतात. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘जातो’चे ‘गेला’ आणि ‘करतो’चे ‘केला’ का होते हे आपण कुठे पटवून देऊ शकतो? फारसीत रोजच्या वापरातल्या अशा जोड्या मोजक्या आहेत. त्या पक्क्या झाल्या की काळांची इमारत भराभर उभी राहते.

भूतकाळात मराठी माणसाला सर्वांत मोठी सवय मोडावी लागते. आपण ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी गोष्ट लिहिली’ म्हणतो. क्रियापद कर्माकडे पाहते आणि कर्त्याला बहुधा ‘ने’ लावून बाजूला बसवते. हा आपला कर्मणी प्रयोग. कर्मालाही प्रत्यय लागला, जसे ‘मुलाने गायीला बांधले’, तर क्रियापद कोणाकडेच पाहत नाही, तो भावे प्रयोग. फारसीत कर्ता वाक्यात असेल तर प्रयोग एकच, कर्तरी. ‘नामे रा नेवेश्तम’, ते पत्र मी लिहिले; ‘दास्तान रा नेवेश्तम’, ती गोष्ट मी लिहिली. दोन्हीकडे ‘म’ माझा आहे, कर्माचा नाही. गंमत अशी की पहलवीत सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळाची ठेवण आपल्या कर्मणीसारखीच होती. नव्या फारसीने ती टाकली, मराठीने सांभाळली. त्यामुळे वर्गात कोणी ‘ने’ला फारसी शब्द विचारला तर ‘असा शब्दच नाही’ एवढेच उत्तर असते.

वरच्या वाक्यांतला ‘रा’ हा फारसी वाक्याचा पहिला खरा सांधा. त्याला ‘ला’ समजण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. मराठीत ‘ला’ मुख्यतः सजीव कर्माला लागतो. ‘मुलाला पाहिले’ म्हणतो, पण ‘घर पाहिले’. फारसीला सजीव-निर्जीवाशी कर्तव्य नाही. तिला एवढेच विचारायचे असते की हे कर्म ठरावीक आहे का. ‘केताब खांदम’ म्हणजे पुस्तक वाचले, वाचन केले, कोणते याला महत्त्व नाही. ‘केताबी खांदम’ म्हणजे एक पुस्तक वाचले, शेवटच्या ‘ई’ने ‘कोणतेतरी एक’ असे सांगितले. ‘केताब रा खांदम’ म्हणजे ते पुस्तक वाचले, ज्याच्याबद्दल तू आणि मी बोलत होतो. मराठीत हे काम ‘ते’, ‘हे’ किंवा बोलण्याचा संदर्भ करतो. फारसीत ते एका अक्षराने होते आणि ते अक्षर गाळून चालत नाही.

या ‘रा’चा भूतकाळही पाहण्यासारखा आहे. बेहिस्तूनच्या लेखात त्याचा पूर्वज ‘रादिय’ असा येतो आणि त्याचा अर्थ ‘च्यासाठी, च्यामुळे’ असा आहे. जुन्या फारसी गद्यात ‘रा’ चतुर्थीचेही काम करतो. ‘मर्दी रा अस्बी बूद’ म्हणजे एका माणसाला एक घोडा होता, अक्षरशः मराठी वळण! आजचा इराणी माणूस मात्र ‘मर्दी अस्बी दाश्त’ म्हणेल. ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणे; तिथे माणूस सरळ कर्ता होतो. आपले ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘माझ्यात धीर आहे’ हे तिन्ही प्रकार आजची फारसी ‘दारम’ या एका क्रियापदात बसवते.

आता दुसरा सांधा, आणि या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण ज्याला दिले आहे तो: इजाफत. दोन शब्दांच्या मधला हा लहानसा ‘ए’ विशेष्याला विशेषण जोडतो आणि मालकीही दाखवतो. ‘केताब-ए बोजोर्ग’ म्हणजे मोठे पुस्तक, ‘केताब-ए हसन’ म्हणजे हसनचे पुस्तक. मुख्य शब्द आधी, त्याचे वर्णन मागून. आपण म्हणतो ‘माझ्या मित्राच्या घराच्या दाराचा रंग’. फारसीत तेच होते ‘रंग-ए दर-ए खाने-ये दूस्त-ए मन’. मराठी वाक्य आरशासमोर धरावे तसा क्रम उलटतो. मराठीला या साखळीत प्रत्येक कडीला ‘च्या’ की ‘चा’ हे ठरवावे लागते, आधी सामान्यरूपही करावे लागते. फारसीत चारही ठिकाणी तोच एक ‘ए’, आणि स्वरानंतर आला तर ‘ये’.

हा ‘ए’ आला कुठून? प्राचीन फारसीतल्या संबंधी सर्वनामातून. त्यातला ‘य’ आणि संस्कृतातला ‘यः’ एकच, आणि ‘यः’पासूनच आपला ‘जो’ आला. म्हणजे ‘केताब-ए बोजोर्ग’ची मूळ जडण ‘पुस्तक, जे मोठे’ अशी. आपला ‘जो’ स्वतंत्र शब्द म्हणून टिकला, तिकडचा झिजून एका स्वरावर आला. या झिजलेल्या स्वराचा ठसा मराठी कारभारात अजून दिसतो, असे अभ्यासक मानतात. किल्ला, पण ‘किल्ले रायगड’; कसबा, पण ‘कसबे पुणे’; आणि जमिनीच्या सरकारी नोटिशीत गावाच्या नावाआधी येणारे ‘मौजे’. हे अनेकवचन नव्हे, दोन नामांना जोडणारा ‘ए’ आहे.

अडचण एकच, पण खरी आहे. हा ‘ए’ लिहीत नाहीत. ऱ्हस्व स्वरांची चिन्हे फारसी लिखाणात सहसा देत नाहीत आणि इजाफत हा ऱ्हस्व स्वर आहे. शब्द स्वरान्त असला तरच तिची काही खूण दिसू शकते. ‘पेदर’, ‘हसन’ आणि ‘आमद’ हे तीन शब्द ओळीने लिहिलेले समोर आले, तर ‘पेदर-ए हसन आमद’ म्हणजे हसनचे वडील आले. आणि ‘पेदर, हसन आमद’ म्हणजे बाबा, हसन आला. अक्षरे तीच. आजच्या छपाईत स्वल्पविराम मदतीला येतो, जुन्या हस्तलिखितात तोही नसतो. पुण्यामुंबईच्या दप्तरांतली फारसी फर्माने आणि अखबार वाचणाऱ्याचा अनुभव असाच असतो: शब्दकोश हाताशी असून अडते, कारण कोणता शब्द कोणाला जोडलेला आहे हे कोश सांगत नाही. मराठी वाचक आधी वाचतो आणि मग अर्थ लावतो. फारसीत वाक्य मोठ्याने वाचायचे तर आधी अर्थ लागलेला असावा लागतो. विद्यार्थी वाचताना इजाफत कुठे लावतो एवढे ऐकले की त्याला वाक्य समजले की नाही ते शिक्षकाला कळते; भाषांतर करायला सांगावे लागत नाही.

तिसरा सांधा ‘के’. तो आपल्याला परका नाही. मराठीतला ‘की’ फारसीकडूनच आला असे सामान्यतः मानले जाते. ‘गोफ्त के मीआयम’ म्हणजे म्हणाला की येतो. पण फारसीत हाच ‘के’ आपल्या ‘जो-तो’चेही काम करतो. ‘मर्दी के आमद दूस्त-ए मन अस्त’ म्हणजे जो माणूस आला तो माझा मित्र आहे. नामाला ‘ई’, मागून ‘के’, मग गौण वाक्य. ‘तो’ने परत जोडायची गरज नाही. आपण ‘आलेला माणूस’ म्हणून मोकळे होतो, फारसीची ओढ ‘के’ घालून पुरे वाक्य करण्याकडे आहे. ‘इच्छा’ आणि ‘पाहिजे’ यांचेही तसेच. ‘मीखाहम बेरवम’ म्हणजे मला जायचे आहे, पण रचना ‘इच्छितो, मी जावे’ अशी. दोन्ही क्रियापदांना माझी शेपटी लागते आणि दुसऱ्याला ‘बे’ लागतो. ‘बायद बेरवीम’, आम्हाला जायला हवे: इथे ‘बायद’ कधीच बदलत नाही, बदलते ते जाणे. मात्र आवडीनिवडीच्या बाबतीत फारसी अचानक आपल्या अंगणात येते. ‘खोशम मीआयद’, म्हणजे मला आवडते. तिथे मी कर्ता नाही, आवड माझ्याकडे येते.

संयुक्त क्रियापदांवर इथे फार थांबत नाही; त्यांचा भरणा मोठा असला तरी त्यांची रीत मराठी माणसाच्या अंगवळणी आहे. फारसीत बोलणे म्हणजे ‘हर्फ जदन’, शब्दशः अक्षर मारणे. गप्पा मारणाऱ्यांना त्यात नवल नाही. सर्दी होणे म्हणजे ‘सरमा खोर्दन’, थंडी खाणे. आपण मार खातो, भाव खातो, हवाही खातो. नियम एवढाच की काळ, पुरुष आणि नकार हे सगळे मागच्या क्रियापदाला लागते: ‘हर्फ नेमीजनम’, मी बोलत नाही.

बोली आणि लेखी भाषेतले अंतर मात्र आधीच सांगून ठेवायला हवे. या पुस्तकातली ‘मीरवम’ आणि ‘खूब अस्त’ ही रूपे तेहरानच्या रस्त्यावर ‘मीरम’ आणि ‘खूबे’ अशी ऐकू येतील, ‘नान’चे ‘नून’ होईल आणि ‘रा’चा ‘रो’ किंवा नुसता ‘ओ’ उरेल. आपल्या ‘आले आहे’चे ‘आलंय’ होते तसाच हा प्रकार आहे. लेखी रूप आधी पक्के केले तर बोलीतले आकुंचन ऐकून लगेच ओळखता येते. उलट क्रमाने गेलेल्याला लिहायला बसले की प्रत्येक रूप शोधावे लागते. म्हणून इथे लेखी रूपांपासून सुरुवात आहे.

शेवटी, वाचायचे कसे ते एका वाक्यावर दाखवतो. ‘पेदर-ए दूस्त-ए मन दीरूज नामेई रा के अज शीराज आमदे बूद खांद.’ आधी शेवटाला जा. ‘खांद’, भूतकाळ, शेपटी नाही, म्हणजे कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी. कोणीतरी काहीतरी वाचले. आता मागे येत ‘रा’ शोधा. तो ‘नामेई’च्या मागे आहे, म्हणून वाचले ते पत्र. त्याला लागून ‘के’ आहे, तेव्हा पुढे गौण वाक्य सुरू झाले आणि ते ‘आमदे बूद’वर, म्हणजे ‘आले होते’वर, संपले: शिराजहून आलेले पत्र. ‘दीरूज’ म्हणजे काल. उरले सुरुवातीचे पेदर, दूस्त, मन असे तीन सुटे शब्द. छापील पानावर त्यांच्यामध्ये काहीही नसेल, पण मुख्य क्रियापदाला एकच कर्ता हवा आहे, म्हणून ते इजाफतीने बांधलेलेच असणार. माझ्या मित्राच्या वडिलांनी शिराजहून आलेले पत्र काल वाचले.

पहिल्या दहा धड्यांतली प्रत्येक ओळ याच क्रमाने सोडवावी: क्रियापद, मग ‘रा’, मग ‘के’ आणि सर्वांत शेवटी इजाफत. शब्द अडले तर कोश आहेच, पण तो या चार पायऱ्यांनंतर उघडावा. धड्यांखाली मराठी भाषांतर मुद्दाम दिलेले नाही. त्याऐवजी पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक उतारा इजाफतीच्या खुणांसह पुन्हा छापला आहे. आधी खुणा नसलेले पान मोठ्याने वाचा, मग ताडून पाहा. दोन्ही जुळले तर तो धडा झाला असे समजून पुढे जायला हरकत नाही.